डिस्टॉर्शन पेडलवर हेवी टोन बसवताना: आधी कोणता नॉब, मग कोणता

रात्री अकराला, घरचे झोपलेले असताना, आवाज बेताचा ठेवून, बास-ट्रेबल चढवून आणि मिड (मधले सूर) खाली ओढून बसवलेला गिटारचा टोन एकट्याला ऐकायला झकास वाटतो. रविवारी जॅम रूममध्ये ड्रमर पहिला क्रॅश (मोठी झांज) मारतो आणि तोच टोन कुठे गेला ते कळत नाही. मग गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) वाढतो, मग आवाज वाढतो, मग ड्रमर आणखी जोरात मारतो, आणि तासाचे पैसे भरून सगळे कान चोळत घरी येतात. मी पहिली तीन वर्षं हेच केलं. कॉलेजच्या एका गिगचं प्रेक्षकांतून केलेलं रेकॉर्डिंग नंतर ऐकलं. त्यात ड्रम होते, बास होता, गाणाऱ्याचं ओरडणं होतं आणि मागे कुणीतरी चटणी वाटत असल्यासारखा मिक्सरचा आवाज होता. तो मिक्सर म्हणजे मी.

नॉब कितीवर ठेवायचा हे सगळे विचारतात. कोणता आधी फिरवायचा हे कुणी विचारत नाही, आणि गडबड तिथेच होते. खाली उदाहरणादाखल बॉस कंपनीचं एमटी-२ मेटल झोन हे डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज फाडून जड करणारी, पायाने चालू-बंद करायची डबी) घेतलंय, कारण ते खूप जणांकडे असतं आणि सगळ्यांत जास्त शिव्याही तेच खातं. तुमच्याकडे दुसरं काही असलं तरी क्रम हाच. नॉबच्या जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगतोय: ७ म्हणजे पूर्ण बंद, १२ म्हणजे मध्य, ५ म्हणजे पूर्ण उघडा.

## १. पेडलला हात लावण्याआधी गिटार

तारा जुन्या असतील तर पुढचं सगळं वाया. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत पंधरा दिवसांत तारांवर गंज धरतो, आणि गंजलेल्या तारेचा मेलेला आवाज ट्रेबल वाढवून जिवंत होत नाही, फक्त चरचरतो.

तारेची जाडी ट्यूनिंगप्रमाणे हवी. ९-४२ च्या सेटवर (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) ड्रॉप सी लावला, म्हणजे ट्यूनिंग उतरवून खालची, सर्वांत जाड तार सी वर आणली, की ती सुतळीसारखी लोंबते, जोरात मारली की सूर क्षणभर वर चढतो, आणि डिस्टॉर्शनमध्ये ते बेसूर घोटाळ्यासारखं ऐकू येतं. नेहमीच्या साडेपंचवीस इंची स्केलच्या गिटारवर ड्रॉप डी साठी १०-५२, ड्रॉप सी साठी ११-५४ किंवा खालची तार त्याहून जाड, असं माझं गणित आहे. तारा बदलल्यावर इंटोनेशनही बघा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर जुळत नसेल तर हाय गेनमध्ये पॉवर कॉर्डसुद्धा (दोनच सुरांचा साधा कॉर्ड) भांडतात.

मग पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ब्रिजकडच्या हंबकरपासून (दोन कॉइलचा पिकअप) तारेपर्यंतचं अंतर मोजा, दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवा. फार जवळ नेला तर पिकअपचं चुंबक तारेला ओढतं आणि खालच्या सुरांचा लगदा होतो. पिकअप अ‍ॅक्टिव्ह असेल तर त्याची ९ व्होल्टची बॅटरी आधी बदला. अर्धमेल्या बॅटरीचा आवाज फाटका येतो आणि आपण तासभर पेडलला दोष देत बसतो.

तपासा: पेडल बंद, अँप क्लीन. खालच्या तारेवर पाम म्यूट करा (तळव्याची कड ब्रिजजवळ तारेवर टेकवून, आवाज दाबत वाजवा). इथेच आवाज गढूळ असेल तर पुढे जाऊ नका.

## २. वीज

बहुतेक पेडलला ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिनचा आतला भाग निगेटिव्ह लागतो. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडवर मिळणारे ते ३ ते १२ व्होल्टचे युनिव्हर्सल अ‍ॅडॅप्टर इथे घात करतात. त्यांचं टोक उलटसुलट लावता येतं, त्यामुळे पोलॅरिटी बदलू शकते. शिवाय साधे असतील तर लोड कमी असताना ९ च्या जागी १२-१३ व्होल्ट देतात आणि वर गुणगुण फुकट.

मीटर असेल तर एक मिनिटाचं काम आहे. लाल टोक पिनच्या आत, काळं बाहेरच्या कडीला. मीटरवर उणे नऊच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. उणे चिन्ह आलं नाही तर तो अ‍ॅडॅप्टर पेडलला लावू नका.

एकाच अ‍ॅडॅप्टरवरून माळेसारखी चार-पाच पेडल जोडली असतील आणि त्यात एखादं डिजिटल डिले असेल, तर डिस्टॉर्शन सुरू केल्यावर बारीक शिट्टी येऊ शकते. डिजिटल पेडल वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर नेऊन बघा.

घरात चरचर येत असेल तर पंख्याकडे बघा. गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर असताना सिंगल कॉइल पिकअपमध्ये भरपूर कचरा सोडतो. पंखा पूर्ण वेगावर किंवा पूर्ण बंद केल्यावर आवाज कमी झाला, तर चोर सापडला. (उन्हाळ्यात पूर्ण वेग. टोनसाठी एवढाही त्याग नको.)

जपून: गिटार हातात असताना माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या, तर ताबडतोब थांबा आणि सगळं बंद करा. अर्थिंगमध्ये गडबड आहे. गुणगुण घालवायला अँपच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतील; त्यांचं ऐकू नका, जिवाशी गाठ आहे.

## ३. पेडल कशात जातंय?

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. एमटी-२ ला ‘माश्यांचं पोळं’ म्हणणारे निम्मे लोक ते चुकीच्या ठिकाणी घुसवत असतात.

अँपचा क्लीन चॅनेल घ्या. अँपचं स्वतःचं डिस्टॉर्शन सुरू ठेवून पुढे हाय गेन पेडल लावलं की गेनवर गेन चढतो आणि सगळं भरडलं जातं. अँपचे तीनही टोन नॉब १२ वर ठेवणं म्हणजे सपाट आवाज, असंही नाही. फेंडर घराण्याच्या अँपमध्ये सगळं मध्यावर ठेवलं तरी मिड खड्ड्यात असतात. तिथे मिड २-३ वर न्या, बास आणि ट्रेबल १० च्या आसपास आणा. रोलंड जेसी-१२० मिळाला तर त्याचा क्लीन काचेसारखा टोकदार असतो. ट्रेबल आधीच उतरवा.

अँपमागे इफेक्ट्स लूप (‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ अशी दोन भोकं) असेल तर मेटल झोनमधून निघणारी केबल पुढच्या इनपुटऐवजी ‘रिटर्न’मध्ये लावून बघा. अँपचा प्रीअँप (आवाजाला रंग देणारा पहिला टप्पा) वगळला जातो आणि पेडलचा भक्कम इक्वलायझर थेट पॉवर अँपला मिळतो. याच पेडलबद्दल मत बदललेले दोघे माझ्या ओळखीत आहेत, दोघांनीही फक्त एवढंच केलं होतं.

जपून: रिटर्नमध्ये लावताना पेडलचा लेव्हल (आवाजाचा नॉब) ७ वर ठेवा. काही अँपमध्ये मास्टर व्हॉल्यूम मधून निघून जातो आणि पहिल्याच कॉर्डला खिडक्या वाजतात.

अँपच नाही, थेट मिक्सरमध्ये किंवा ऑडिओ इंटरफेसमधून हेडफोनवर वाजवताय? गिटार कॅबिनेटचा बारा इंची स्पीकर ५-६ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळून टाकतो. तो गाळणारा स्पीकर वाटेत नसला की डिस्टॉर्शनची सगळी किरकिर उघडी पडते. त्या स्पीकरची नक्कल करणारा कॅब सिम्युलेटर किंवा इम्पल्स रिस्पॉन्स मध्ये हवाच. तो नसेल तर टोन बसवत बसू नका, कुठलाच नॉब हे दुखणं बरं करत नाही.

## ४. अँपची जागा

छोटं वाटतं, पण मी यावर दोन परिच्छेद घालवणार आहे. जॅम रूममधला कॉम्बो जमिनीवर असतो आणि आपण त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे असतो. स्पीकर आपल्या पोटऱ्यांना टोन ऐकवतो. ट्रेबल सरळ रेषेत पुढे जातो, कानापर्यंत पोचतो तो घुमणारा बास. आपल्याला वाटतं आवाज बोथट आहे, म्हणून ट्रेबल वाढवतो, आणि समोर बसलेल्या बासिस्टच्या कानात ड्रिल मशीन चालू होतं.

अँप प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवा, किंवा पुढून विटेचा आधार देऊन मागे कलता करा. भिंतीपासून फूटभर पुढे घ्या; कोपऱ्यात असेल तर बास फुगतो. आता स्पीकरसमोर, कान त्याच्या रेषेत येईल असे बसा. जे तिथे ऐकू येतं, तोच तुमचा खरा टोन. पहिल्यांदा ऐकताना बऱ्याच जणांचा चेहरा पडतो.

## ५. सगळं मध्यावर, मग आवाज

एमटी-२ वर चार जागी सहा नॉब आहेत: लेव्हल, हाय आणि लो एकावर एक, मिडची मात्रा आणि मिडची फ्रीक्वेन्सी एकावर एक, आणि डिस्ट, म्हणजे गेन. हाय, लो आणि मिडची मात्रा १२ वर आणा. डिस्ट ७ वर.

आता अँपचा आवाज बँडमध्ये वाजवता तेवढा करा. खोलीतल्या आवाजावर बसवलेला टोन मोठ्या आवाजावर टिकत नाही, कारण हळू आवाजात आपल्या कानाला खालचं आणि अगदी वरचं कमी ऐकू येतं. ते भरून काढायला आपण बास-ट्रेबल चढवतो. आवाज मोठा झाला की तेच दोन्ही दुपटीने अंगावर येतात. घरी मोठा आवाज शक्य नसेल तर घरी फक्त पहिल्या तीन पायऱ्या करा आणि बाकीचं जॅम रूमसाठी ठेवा.

पेडल चालू-बंद करत लेव्हल असा ठेवा की दोन्हीकडे आवाज सारखाच वाटेल. हा मुद्दा फार जण टाळतात. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, त्यामुळे पेडल चालू केल्यावर आवाज वाढत असेल तर टोन सुधारला की नुसता मोठा झाला, हे कळणारच नाही.

## ६. गेन: खालून वर

मेटल झोनचा डिस्ट ७ वर असला तरी भरपूर डिस्टॉर्शन असतं. तिथून सुरुवात करून हळूहळू वर चढा आणि प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी वाजवा.

पहिली, खालच्या तारेवर घोड्याच्या टापांसारखं पाम म्यूट: एक लांब, दोन आखूड. प्रत्येक ठोका सुटा ऐकू आला पाहिजे. दुसरी, एक पॉवर कॉर्ड मारून चार मोजेपर्यंत सोडून द्या. तो मधेच विझू नये. तिसरी, जोरात रिफ (परत परत येणारा छोटा तुकडा) वाजवून एकदम हात टाकून थांबा. शांतता किती स्वच्छ येते बघा.

कॉर्ड टिकायला लागला की थांबा, आणि नॉब थोडा मागे घ्या. माझा काटा बहुतेक वेळा ९ ते १० च्या मध्ये थांबतो. इतका कमी? हो. डिस्टॉर्शनमध्ये सिग्नलचे माथे छाटले जातात, त्यामुळे हळू आणि जोरात मारलेल्या ठोक्यातला फरक कमी होत जातो. गेन पूर्ण उघडला की सगळे ठोके एकाच उंचीचे होतात, आणि हेवी संगीताला जो ‘धक्का’ हवा असतो तोच निघून जातो. जड आवाज उजव्या हातातून येतो. पिक जाड घ्या आणि जोरात मारा.

तपासा: गिटारचा व्हॉल्यूम (इथे घड्याळ नाही, त्या नॉबवरचे आकडे) १० वरून ५ वर आणा. आवाजात काहीच फरक पडला नाही तर गेन अजून जास्त आहे.

## ७. मिड: इथे वेळ घालवा

मिड पूर्ण खाली ओढणं ही सर्वांत लाडकी चूक. बँडमध्ये खालची जागा बास गिटार आणि किक ड्रमची, वरची सिंबलची. गिटारला राहतो मधला पट्टा. तोच काढून टाकला तर उरतं काय?

मेटल झोनचा मिड २०० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झ यांमध्ये कुठेही नेता येतो आणि तिथे १५ डेसिबलपर्यंत वाढवता किंवा घटवता येतो. इतकी ताकद फार कमी पेडलमध्ये असते, म्हणून चुकीच्या जागी गेलं की आवाजही तितकाच वाईट होतो. जागा शोधायची पद्धत अशी:

मिडची मात्रा ४ वर चढवा. एका हाताने खालच्या उघड्या तारेवर कॉर्ड मारत राहा (मित्राला मारायला सांगितलं तर उत्तम) आणि दुसऱ्या हाताने फ्रीक्वेन्सीचा नॉब ७ पासून अगदी सावकाश फिरवा. सुरुवातीला पिंपात वाजवल्यासारखं घुमेल. ते साधारण २००-४०० हर्ट्झ. मग नाकातून बोलल्यासारखं होईल. मग एका जागी अचानक पिकचा ठोका पुढे येतो, तार ‘बोलते’. आणखी पुढे गेलात की कान टोचायला लागतात आणि शेवटी नुसती वाळू उरते.

जिथे तार बोलली तिथे थांबा. आता मात्रा ४ वरून खाली आणा, १ च्या आसपास. बरेचदा तेवढं पुरतं. उलट, तुमच्या गिटार-अँपच्या जोडीत नाकातला आवाज आधीच जास्त असेल, तर फ्रीक्वेन्सी त्या जागी नेऊन मात्रा १२ वरून ११ किंवा साडेदहावर आणा. एवढीच कपात. ७ वर नाही.

ज्यांच्या पेडलवर मिडचा नॉबच नाही, त्यांनी हे काम अँपच्या मिडवर करायचं. बिग मफ घराण्याचे फझ (जास्तच फाटक्या आवाजाचे पेडल) मुळातच मिडमध्ये खड्डा घेऊन येतात. डूम किंवा स्लज (संथ, जड मेटलचे प्रकार) वाजवताना अँपचा मिड उदारपणे चढवा, नाहीतर भिंतीसारखा वाटणारा आवाज ड्रम सुरू होताच धुक्यासारखा विरतो.

## ८. बास: वाढवण्याआधी विचार, कापायचा असेल तर आधी कापा

स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये गिटारची खालची ई ८२ हर्ट्झची, ड्रॉप डी मध्ये ७३ ची. बास गिटारची ई ४१ ची. म्हणजे ८० च्या खालचं जे काही तुम्ही वाढवताय, ते बासिस्टच्या ताटातलं आहे. लो ११ वर आणा आणि बासिस्टसोबत वाजवून बघा. ‘माझा आवाज बारीक झाला’ असं वाटेल, पण दोघांचा मिळून आवाज जाड होतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. डिस्टॉर्शनच्या आधी कापलेला बास आणि नंतर कापलेला बास यांचा परिणाम वेगळा असतो. नंतर कापला तर खालचा आवाज फक्त हळू होतो. आधी कापला तर तो डिस्टॉर्शनमध्ये शिरतच नाही, आणि पाम म्यूटचा लगदा मुळातच तयार होत नाही. म्हणूनच ट्यूब स्क्रीमर हे सौम्य ओव्हरड्राइव्ह पेडल मुख्य डिस्टॉर्शनच्या आधी लावतात. त्याच्या गेनच्या टप्प्यात साधारण ७२० हर्ट्झच्या खालचं कमी-कमी ढकललं जातं. ड्राइव्ह ७ वर, लेव्हल पूर्ण, टोन १२ वर. त्याचं डिस्टॉर्शन आपल्याला नकोच आहे. तो लावल्यावर मुख्य पेडलचा गेन आणखी थोडा उतरवा, विसरलात तर शिट्ट्या सुरू होतील.

## ९. ट्रेबल

सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी. हाय १०-११ वर. मिड नीट बसले असतील तर ट्रेबल वाढवण्याची गरजच पडत नाही. रॅट हे डिस्टॉर्शन पेडल वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्याचा फिल्टर उलटा आहे: उजवीकडे फिरवला की ट्रेबल कमी होतो. नवीन माणूस हमखास उलटा फिरवतो.

## १०. नॉइज गेट

गेट म्हणजे वाजवणं थांबलं की खरखर बंद करणारं पेडल. ते लावायची घाई नको; गेन कमी केल्यावर निम्म्यांना तो लागतच नाही. लागला तर क्रम असा: गिटार, ट्यूनर, बूस्ट, डिस्टॉर्शन, गेट, आणि मग डिले-रिव्हर्ब. डिलेनंतर गेट लावला की डिलेचं शेपूट मधेच तुटतं. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, तारांवर हात ठेवा, आणि खरखर जाईपर्यंतच थ्रेशोल्ड (गेट कुठल्या आवाजाखाली बंद व्हायचा ती पातळी) वाढवा. लांब सोडलेला कॉर्ड शेवटी गचकन कापला जात असेल तर थोडा मागे या. वाजवत असताना येणारी गुणगुण गेट घालवत नाही, त्यासाठी परत दुसऱ्या पायरीवर जा.

## ११. बँडसोबत

आता ड्रम आणि बास लावून एकच रिफ दोन मिनिटं वाजवा. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड करा. फोनला खालचं नीट ऐकू येत नाही, त्यामुळे जाडीचा निर्णय त्यावर घेऊ नका; रिफचे ठोके मोजता येतात का, एवढंच बघा. येत नसतील तर आधी मिड थोडा वर, मग गेन थोडा खाली, आणि त्यानंतरच आवाज. एका वेळी एकच नॉब.

दोन गिटार असतील तर दोघांचा टोन सारखा करू नका. एकाने मिड थोडा खालच्या बाजूला ठेवावा, दुसऱ्याने वरच्या. गेन दोघांनीही एकट्याने वाजवताना ठेवता त्याहून कमी. दोन कमी गेनच्या गिटार मिळून एका जास्त गेनच्या गिटारपेक्षा मोठ्या ऐकू येतात.

या सगळ्याला एक बेशरम अपवाद आहे. १९९० च्या आसपासचा स्टॉकहोमचा डेथ मेटल ज्या आवाजासाठी ओळखला जातो, तो बॉस एचएम-२ या डिस्टॉर्शन पेडलचे चारही नॉब पूर्ण उघडून येतो. तो टोन हवा असेल तर माझं सगळं बाजूला ठेवा, चारही ५ वर करा. पण त्या पेडलमध्ये मिड उसळून वर येतात, म्हणून तो बँडमधून कापत बाहेर पडतो. मेटल झोनवर तीच युक्ती करून बघू नका, मी केली आहे.

टोन बसला की जॅम रूमची वेळ संपण्याआधी पेडलचा वरून फोटो घ्या, अँपच्या पॅनेलचाही. एकावर एक बसवलेले नॉब बॅगेत हलतात, म्हणून मी त्यांच्या कडेवर पांढऱ्या करेक्शन पेनाने बारीक ठिपका देतो. पुढच्या जागी अँप दुसरा मिळाला तर पेडलला हात न लावता आधी फक्त अँपचे नॉब फिरवा.